खुनाची दुसरी आवृत्ती

वाशी
१२ जानेवारी २०२५

चि. गोरोबास,

अ. उ. आ. वि. वि. इकडं सगळं क्षेम. तुझे दाजी गुडघ्याला तेल लावून उन्हात बसलेत आणि मी काय लिहितेय ते मान लांब करून बघतायत. बघू देत. फोन करायचा सोडून अक्कानं पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि मला जे सांगायचंय ते ढाब्यावरच्या बारा ड्रायव्हरांनी तुझ्याआधी ऐकावं अशी माझी इच्छा नाही.

तर ऐक. तुझी अक्का लेखिका झाली. कोर्टात एकतीस वर्षं टायपिंग केलं ते तुला माहीतच आहे. लोकांचे जबाब, पंचनामे, शपथपत्रं. 'सदर इसम मयत स्थितीत मिळून आला' हे वाक्य या बोटांनी किती वेळा उठवलं असेल, आणि प्रत्येक कागदाखाली सही मात्र दुसऱ्याची. रिटायर झाले तरी बोटं स्वस्थ बसेनात. शेवटी एक खून स्वतःच्या मनानं केला. तो दोनशे पानं झाला.

पुण्याच्या तीन प्रकाशकांना पाठवला. दोघांनी पोच दिली नाही. तिसऱ्यानं मोठ्या गोड शब्दांत कळवलं, की तुमच्या दुष्काळी तालुक्यातून आमच्याकडं दुष्काळाच्या कादंबऱ्या येतात, तशी एखादी असेल तर जरूर पाठवा. खून मात्र वाचक शहरातलाच वाचतो. मला असा राग आला म्हणतोस! आपल्या जिल्ह्यात माणसं काय फक्त पावसाची वाट बघत मरतात? आपल्याकडंही नीट, विचारपूर्वक खून होतात. मी टाइप केलेत.

मग मीच छापलं. सोलापूरच्या छापखान्यात शंभर प्रती काढल्या. मोबाइलवर वाचायची आवृत्ती कशी चढवायची ते सोनालीनं पुण्याहून शिकवलं, पण चढवली मी. लेक आईला एवढी ओरडलेली याआधी ऐकली नव्हती. मुद्रितं तुझ्या दाजींनी तपासली, त्यामुळं एका ठिकाणी 'विष प्राशन'च्या जागी 'विषय प्राशन' राहिलंय. ते सांभाळून घे.

पुस्तकाचं नाव 'मुक्काम पोस्ट विष'. एस.टी.च्या पार्सलनं वीस प्रती पाठवतेय. तुझ्या काउंटरवर ठेव, येणाराजाणारा घेईल. तू वाचलंच पाहिजेस अशी सक्ती नाही. उलट नकोच वाचूस, तुझे डोळे चुरचुरतात. सत्यभामेला तर मुळीच दाखवू नकोस, तिला आधीच काय थोडी कामं आहेत?

लोभ आहेच, तो खपाप्रमाणं वाढत जावा.

तुझी,
अक्का (लेखिका)


नळदुर्ग
२८ जानेवारी २०२५

ती. अक्कास,

शि. सा. न. वि. वि. पार्सल पोचलं. मागच्या पानावर तुझा फोटो बघून लई अभिमान वाटला. दाजींनी काढलेला दिसतो, अर्धा फोटो भिंतीचा हाय. वीसच्या वीस प्रती काउंटरवर देवाच्या तसबिरीखाली मांडल्या. आल्यागेल्याला सांगतोय, की आमच्या अक्कानं खून केलाय. परवा हायवेवरचा एक पोलीस ते ऐकून पराठा अर्धा टाकून उठला, मग त्याला पुस्तक दाखवून परत बसवला.

तेरा प्रती गेल्या. ड्रायव्हर लोक घेतायत, क्लीनर मोठ्यानं वाचून दाखवतात. म्या अजून वाचलं न्हाय. अक्काचं पुस्तक म्हणून ठेवलंय, त्यात वाचायचं काय?

एकच गोष्ट कळेना. हल्ली शेंगदाण्याची चटणी ताटात वाढली की गिऱ्हाइकं एकमेकांकडं बघून हसतात. आज चटणी कुणाच्या हातची, असं विचारतात. हैदराबादच्या एका ड्रायव्हरनं तर आधी मालकानं खायची, मग आपण, असा हट्टच धरला. म्या चमचाभर खाल्ली तर सगळ्या बाजांवर टाळ्या. सत्यभामा भट्टीवरून बघत होती. ह्यातलं तुला काही ठाऊक असेल तर कळव.

मोठ्यांना नमस्कार, दाजींच्या गुडघ्याला आराम पडो.

तुझा,
गोरोबा


वाशी
४ फेब्रुवारी २०२५

चि. गोरोबास,

अ. उ. आ. तुझं पत्र पावलं. तेरा प्रती गेल्याचं वाचून तुझ्या दाजींनी गुडघा विसरून दोन फेऱ्या मारल्या.

चटणीचं म्हणशील तर मला काय ठाऊक असणार बाबा? ड्रायव्हर लोक थट्टेखोर असतात. प्रती संपल्या की कळव. आणि वाचायची घाई करू नकोस, पुस्तक कुठं पळून जात नाही.

आज हात दुखतोय म्हणून एवढंच. माया असू दे.

अक्का


नळदुर्ग
१६ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,

सा. न. हात दुखतोय म्हणालीस तेव्हाच वळखायला पायजे होतं. एकतीस वर्षं टायपिंग करून जो हात दुखला न्हाय तो माझ्या एका प्रश्नानं कसा काय दुखला?

वाचलं. सगळं वाचलं. हायवेवरचा ढाबा, हिरवी पाटी, दारात चिंच. जमिनीचा दलाल जेवायला येतो, शेंगदाण्याची चटणी खातो आणि बाजेवरच आडवा होतो. आणि खून करणारी कोण? तर ढाब्यावर रांधणारी पारूबाई! तिच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग! अक्का, अगं नाव तेवढं बदललंस, बाकी सगळी सत्यभामा जशीच्या तशी उचललीस की. शोध लावणारी कोर्टातली टायपिस्ट मात्र उंच, सडपातळ आणि बिनचष्म्याची! हे कसं काय?

हसण्यावारी नेऊ नकोस. सत्यभामानं पुस्तक वाचलंय. कधी वाचलं मला कळलं बी न्हाय. बारा दिवस झाले, तिनं चटणी कुटली न्हाय. डाळ करते, भाकरी करते, पण उखळ पालथं घातलंय. माझ्याशी बोलणं नेमकं. मीठ पायजे का, हो, बास. म्या समजावलं की अक्कानं गमतीनं लिहिलं, तर ती म्हणाली की खून गमतीनं करत न्हाईत.

चटणीसाठी थांबणाऱ्या गाड्या आता पुढच्या ढाब्यावर थांबतात. त्याचं एवढं न्हाय. पण अठ्ठावीस वर्षांत ती कधी अशी गप झाली न्हवती. माझी आई गेली तवा बी न्हाय. तू केलंस, तूच निस्तर. तुझा फोन ती घेणार न्हाय, पत्र लिही.

लोभ असावा, पण तो पुस्तकात नको.

गोरोबा


वाशी
२० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सत्यभामेस,

अ. उ. आ. वि. वि. तू रागावलीस असं गोरोबानं कळवलं. अगं, पुस्तकाच्या दुसऱ्याच पानावर छापलंय, की यातली सर्व पात्रं काल्पनिक आहेत. ते पान तू वाचलं नसशील. लेखकाला कुणीतरी माणूस डोळ्यांपुढं धरावाच लागतो. मला ढाबा माहीत तो तुमचाच, आणि चटणी खाल्ली ती तुझ्याच हातची. दुसऱ्या कुणाच्या चटणीवर दोन पानं लिहिणं मला जमलंच नसतं. हा मान समजावा.

पारू खुनी असली तरी मी तिला फार चांगली दाखवलीय. शेवटी ती रडते तेव्हा तुझे दाजीही रडले.

मनात किल्मिष ठेवू नकोस. उखळ सुलटं कर.

तुझी,
अक्का


नळदुर्ग
३ मार्च २०२५

ती. वन्संस,

सत्यभामाचा शिरसाष्टांग नमस्कार. मला पत्र लिवायची सवय न्हाय. सातवीनंतर हातात पेन आलं ते किराणाच्या यादीपुरतं. चुकलं तर टायपिंगच्या बाईनं दुरुस्त करून घ्यावं.

काल्पनिकाचं पान म्या वाचलं हाय. सगळं पुस्तक दोनदा वाचलं. पयल्यांदा रडत, दुसऱ्यांदा तपासत.

रडले कशानं ते आधी सांगते. पाटीवर नाव तुमच्या भावाचं. ढाबा चालतो माझ्या हातावर. बावीस वर्षं चटणी खाऊन गाड्या गेल्या, एका गिऱ्हाइकानं कधी माझं नाव इचारलं न्हाय. वाईट वाटून घेतलं न्हाय, धंदा असाच असतो. पण वन्सं, तुमी लिवणार, तर तुमी तरी घरातल्या माणसाला कुठं घ्यावं? खुनाला? आन् त्यो मनगटावरचा डाग. सोनालीच्या लग्नात बुंदीची कढई उतरवताना पडला त्यो. तुमी सोता पदर खोचून माझ्या हाताला हळद-तेल लावलं व्हतं. म्हनाला व्हता, की ह्ये म्या जन्मात इसरणार न्हाय. इसरला न्हाईत खरं. पान एकशे बारावर लिवलंत.

आता तपासाचं.

तुमी कोरटात व्हता, चुलीपाशी न्हवता, हे पानापानाला दिसतं. चटणी एका माणसापुरती कुणी कुटत न्हाय. ती उखळात एकदम कुटायची आन् बरणीत भरायची. तुमच्या पारूनं चटणीत इष कालवलं म्हनता, तर त्या दिवशी जेवलेली सगळी पंगत आडवी व्हाया पायजे व्हती. एकटा दलाल कसा मेला? बाकीचे ढेकर देऊन कसे गेले? दुसरं असं, की मीठ बघाया म्या दर घाण्याला बोटभर चटणी चाखते. समद्या बाया चाखत्यात. म्हंजी पयली पारू मरणार. आन् कारण काय दिलंत, तर दलालानं चटणीला नावं ठिवली. चटणीला नावं ठिवली म्हनून बायका जीव घेत असत्या तर तुमचे भाऊ लग्नाच्या तिसऱ्या दिवशी गेले असते.

तुमची ती उंच टायपिस्टबाई खुर्चीवर बसून इचार करते आन् बोट दाखवते. तिनं एकदा भट्टीपाशी येऊन उखळात डोकावलं असतं तर पारूला बेड्या पडल्या नसत्या.

मग मारलं कुणी, ते बी सांगते. मालकानं.

दलालाला ढाब्याची जागा पायजे व्हती, हे तुमीच पान तीसवर लिवलंय आन् पुढं इसरलात. ढाबा गेला तर पारूला दुसरी चूल मिळंल, मालकाला दुसरं काउंटर मिळणार न्हाय. आता मालक काय करतो ते बघा. वळखीचं गिऱ्हाईक उठलं की त्याला हाक मारून सोताच्या हातानं सुपारी कातरून देतो. एकालाच. ज्याला द्यायची त्यालाच. ताटातलं समद्यांचं सारखं असतं, सुपारी ज्याची त्याची. आन् पोलीस आले की मालकच पुढं व्हऊन गळा काढतो. त्याच्यावर कुणाचा संशय जात न्हाय, कारण मालक दिवसभर काय काम करतो हेच कुणाला ठाव न्हाय.

ह्ये समदं म्या भाकऱ्या थापताना दोन दिवसांत काढलं. तुमाला दोनशे पानं लागली.

तवा माझं म्हननं एकच हाय. पारूला सोडा. तुमी म्हनाल छापलेलं कसं बदलायचं. म्या सोनालीला फोन करून इचारलं. ती म्हनली की आईचं पुस्तक आईच काढते, वर कुणी सायेब न्हाय, मनात आलं तर उद्या बदलता येतं. मंग तुमाला कोण आडवतंय?

पारू सुटंपर्यंत उखळ पालथं.

दाजींना नमस्कार. तुमचा माझ्यावर लोभ हाय म्हनता, तो आता शाबीत करा.

सत्यभामा


वाशी
१० मार्च २०२५

चि. सौ. सत्यभामेस,

अ. उ. आ. वि. वि. तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्यानं, मग बसून, मग तुझ्या दाजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. तुझे दाजी म्हणाले की हिला कोर्टात आणायला हवी होती, निम्मे खटले महिन्यात निकाली निघाले असते. पारूला त्यांनी तिथल्या तिथं सोडूनही दिलं.

'हा मान समजावा' असं मी तुला लिहिलेलं ते पत्र फाडून टाक. मला तोंड चुकवायचं होतं म्हणून तसं लिहिलं. खरं सांगायचं तर लिहायला बसले तेव्हा मला एक बाई हवी होती जिचे हात मला पाठ आहेत, आणि तुझे हात मला पाठ आहेत. डाग लिहिताना बुंदीची कढईही आठवली होती. हळदीचा वाससुद्धा आला. तरी लिहिला, कारण वाक्य चांगलं जमत होतं. लेखिका होऊन तीन महिने झाले नाहीत तोच हा निर्दयपणा माझ्यात आला बघ. एकतीस वर्षं मी दुसऱ्याच्या सहीसाठी बोटं झिजवली आणि आतल्या आत कुढले. पहिल्यांदा माझं नाव छापून आलं, तर त्याखाली मी तुझेच हात वापरले. याला कुठल्या कलमाखाली घालायचं मला माहीत नाही, पण मी गुन्हा कबूल करते.

तपासाबद्दल तर बोलायलाच नको. मोबाइलच्या आवृत्तीवर एका वाचकानं दोनच तारे दिले होते आणि लिहिलं होतं, की चटणी वाचून भूक लागली, खून मात्र पटला नाही. मी महिनाभर त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत होते. आज त्याची क्षमा मागितली.

मोबाइलवरची आवृत्ती कालच उतरवली. उरलेल्या प्रती माझ्या कॉटखाली गेल्या. दुसरी आवृत्ती लिहायला घेतलीय. पारू निर्दोष सुटते, डागही काढला. टायपिस्टबाईला चष्मा लावला आणि थोडी बुटकी केली, ते माझ्या जिवावर आलं. ती भट्टीपाशी जाते, उखळात डोकावते आणि पारूला विचारते, तेव्हा पारूच तिला सगळा उलगडा करून सांगते. मालकाचं प्रकरण सोबत पाठवतेय. कातरलेल्या सुपारीचं मला नीट ठाऊक नाही, तेवढं तपासून पाठव. आणि पहिल्या पानावर, माझ्या नावाखाली, 'तपास : सत्यभामा' असं छापणार आहे. नको म्हणू नकोस. ही माझी शिक्षा आहे आणि ती मी आनंदानं भोगणार आहे.

गोरोबाला यातलं अजून काही बोलू नकोस. त्याला एकदम छापूनच दाखवू.

तू रागावलीस तर हक्कानं रागाव, पण गप बसू नकोस.

तुझी,
अक्का


नळदुर्ग
२१ एप्रिल २०२५

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. दुसऱ्या आवृत्तीचं पार्सल मिळालं. सत्यभामानं फोडलं. पहिल्या पानावरचं नाव बघून ती पुस्तक घेऊन मागं पाण्याच्या टाकीकडं गेली, ती बराच वेळ आली न्हाय. आली तेव्हा डोळे लाल होते आणि म्हणाली की कांदा चिरत होते. हातात कांदा न्हवता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच उखळाचा आवाज आला. चटणी सुरू झाली. गाड्या परत थांबायला लागल्या. हे सगळं चांगलं झालं.

आता माझं. अक्का, तुम्ही दोघींनी मिळून मला खुनी केलंत? सख्खी बहीण आणि लग्नाची बायको! मागच्या महिन्यात पंधरा दिवस ती संध्याकाळी माझ्यासमोर बसून सुपारी कशी कातरता, कुठल्या बोटात धरता, खिशातून काढता का डबीतून, असं विचारत होती. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी का होईना, बायकोला माझ्या कामाचं कौतुक वाटायला लागलं. म्या अडकित्ता धरून अगदी सावकाश दाखवलं. ते सगळं पान दीडशेवर आलंय.

गावात सगळ्यांनी वाचलंय. केस कापायला गेलो तर खुर्चीत बसायच्या आधी न्हाव्यानं वस्तरा लांब ठेवला. माझ्या तक्रारी अशा. मालकाचं पोट तू काउंटरच्या बाहेर येतं असं लिहिलंस, ते खोटं हाय. आणि त्याला पकडायला होमगार्ड का पाठवलास? निदान फौजदार तरी पाठवायचा. जीपमधून, सायरन वाजवत. होमगार्डनं दंडाला धरून नेलं तर समाजात काय इज्जत राहती?

परवा पुस्तक वाचलेला एक ड्रायव्हर जेवून उठला. नेहमीचा माणूस, दहा वर्षांची वळख. म्या सवयीनं सुपारी कातरली आणि हात पुढं केला. त्यानं माझ्या हाताकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं, दोन्ही हात जोडले आणि गाडीकडं पळाला. म्या तसाच हात पुढं धरून उभा. तेवढ्यात भट्टीकडून हसू ऐकू आलं. सत्यभामा पोटाला धरून खाली बसली होती. हसता हसता तिला ठसका लागला, म्या पाणी नेऊन दिलं तर माझ्या हातचं पाणी बघून आणखीच हसायला लागली. नंतर तिनं ते पाणी घेतलं आणि प्याली. अठ्ठावीस वर्षांत तिला असं हसताना म्या पाहिलंच न्हवतं अक्का. काय काय राहून गेलं बघायचं, असं वाटलं.

तेव्हा तिसरी आवृत्ती काढशील तर खुनी मलाच राहू दे. पोट तेवढं कमी कर.

तुझ्या मायेच्या कोठडीत असलेला,
गोरोबा